देवमाशाच्या बरगड्या किती?

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेले भाषण)



"कुटुंबासह केलेली एक सहल" असा विषय मंडळाने दिला. आमच्या आधी एका कुटुंबाने चारधाम सांगितलं, दुसऱ्याने सिंगापूर. आमची सहल दांडिया बाजारातून रिक्षाने कमाटीबागेपर्यंतची. रिक्षाचं भाडं सांगायलाही संकोच वाटतो. इथे आम्ही दोघं नवरा-बायको उभे असलो तरी बोलणं घरातल्या सहाही जणांचं आहे. काय काय सांगायचं ते मुलांनी लिहून दिलंय, आणि त्यांची यादी आमच्या यादीपेक्षा लांब आहे.

इथे बसलेले सगळे बडोद्याच्या म्युझियममध्ये कधी ना कधी गेलेले आहेत, आणि गेल्या दहा वर्षांत गेलेला माणूस शोधायला लागेल. आम्हीही गेलो नव्हतो. पुण्याचे पाहुणे आले की आपण त्यांना लक्ष्मीविलास पॅलेस दाखवतो, मग कमाटीबागेत आणतो, म्युझियमच्या पायऱ्यांपाशी सोडतो आणि म्हणतो, "तुम्ही निवांत बघून या, आम्ही बाकावर बसतो. आम्ही काय, कधीही बघू."

झालं असं की मे महिन्यात आम्ही मुलांना अहमदाबादच्या सायन्स सिटीत नेलं होतं. तिथलं रोबोटचं दालन आणि काचेच्या बोगद्यातून डोक्यावरून पोहणारे शार्क पाहून मुलं हरखून गेली. आम्हीही हरखलो, खोटं कशाला बोला. बाबा मात्र अर्ध्या तासात बाकावर जाऊन बसले. बाबांचं वय ऐंशीच्या पुढे. दोन वर्षांपासून त्यांचं विसरणं वाढलंय. आमच्या धाकटीला ते कधीकधी स्वतःच्या बहिणीच्या नावाने हाक मारतात. जेवण झालं की नाही हे आईला विचारतात. डॉक्टरांनी त्या आजाराचं नाव सांगितलं आहे, ते इथे घ्यायला नको. परतीच्या वाटेवर गाडीत सगळे गप्प असताना बाबा एकदम म्हणाले, "आपल्या देवमाशाकडे कधी जायचं?"

मुलं हसली. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आम्हाला वाटलं, आत्ता पाहिलेले शार्क आणि आणखी काहीतरी त्यांच्या डोक्यात एकत्र झालं असेल. रात्री आई म्हणाली, "अरे, ते म्युझियमचं म्हणतायत. लग्न झाल्यावर पहिल्या रविवारी मला तिथेच नेलं होतं. लोक सिनेमाला नेतात, ह्यांनी सांगाडा दाखवला."

मग पुढच्याच रविवारी गेलो.

दारात उभं राहून इतिहास सांगायचा मोह आम्हाला आवरला नाही. मुलांनी तो ऐकला नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. म्युझियमची स्थापना १८८७ सालची, श्रीमंत सयाजीराव महाराजांनी केलेली. इमारत पुरी झाली १८९४ मध्ये, आणि तिच्याशी चिझम या वास्तुतज्ज्ञाचं नाव जोडलेलं आहे. लक्ष्मीविलासचं काम ज्यांनी पुरं केलं तेच हे चिझम. हे सगळं पाटीवर किंवा पुस्तकात मिळेल. आमच्या मनात आलं ते वेगळंच. महाराज मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. १८७५ मध्ये दत्तक आले तेव्हा बारा वर्षांचे होते आणि तोवर शाळेचं शिक्षण झालेलं नव्हतं. अक्षरं इथे बडोद्यात येऊन शिकले. पुढे याच माणसाने १९०६ मध्ये साऱ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. ज्याने बाराव्या वर्षापर्यंत न वाचता जग पाहिलं, त्याला हे पक्कं ठाऊक असणार की वाचता न येणाऱ्याला शिकवायचं तर वस्तूच समोर ठेवली पाहिजे. म्युझियम काढण्यामागे हे असेल असा आमचा आपला अंदाज. कोणी इतिहासाचे प्राध्यापक बसले असतील तर त्यांनी नंतर कान धरावा.

आत गेल्यावर थोरला पहिल्या पाच मिनिटांतच म्हणाला, "इथे तर काहीच हलत नाही." बटण नाही, पडदा नाही, आवाज नाही. त्याचं खरंच होतं.

चित्रांच्या दालनाविषयी आम्ही फार बोलणार नाही. युरोपातली चित्रं पहिल्या महायुद्धामुळे अडकली आणि दालन १९२१ मध्ये खुलं झालं, एवढी एक गोष्ट मुलांना आवडली. चित्रांना त्यांनी सात मिनिटं दिली. इजिप्तच्या ममीपाशी मात्र धाकटी आईच्या पदराआड लपली. "खरा माणूस आहे?" असं तिने तीनदा विचारलं. आईने काचेपुढे हात जोडले आणि म्हणाली, "खराच. कोणाच्या तरी घरचं माणूस आहे. पाया पड आणि चल पुढे." त्याने भीती गेली. आम्ही हजार वर्षांचे हिशेब आणि मसाले समजावून सांगायच्या तयारीत होतो, त्याची गरज पडली नाही.

मग प्राण्यापक्ष्यांचा विभाग. पेंढा भरलेले प्राणी, असं आपण म्हणतो. पेंढा नावालाच. कातडं आणि पिसं खरी, आत साचा, डोळे काचेचे. "म्हणजे अर्धं खरं," असा थोरल्याने निकाल दिला.

पक्ष्यांच्या कपाटांपाशी आई सगळ्यांच्या पुढे गेली. आमची मुलं घरात मराठी बोलतात, शाळेत इंग्रजी आणि खाली सोसायटीत गुजराती. पक्षी त्यांना इंग्रजीतून माहीत. थोडे गुजरातीतून. आई बोट दाखवत गेली: हा खंड्या, हा सुतार, हा भारद्वाज, दिसला तर शुभ, ही टिटवी, हा पिंगळा. धाकटी म्हणाली, खंड्याला तर कलकलियो म्हणतात. "तेही बरोबर," आई म्हणाली, "तो ओरडतो म्हणून तिकडे कलकलियो." खंड्याला खंड्या का म्हणतात ते मात्र आईलाही सांगता आलं नाही. आम्हालाही नाही. घरी आल्यावर मोजलं, आईने बावीस नावं सांगितली होती. त्यातली अकरा आम्हाला स्वतःला माहीत नव्हती. आम्ही म्हणजे पन्नाशीला आलेली माणसं.

शिकारी पक्ष्यांपाशी बाबा थांबले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गिधाडं कुठे गेली?" आम्ही म्हटलं, असतील पुढच्या कपाटात. "कपाटात नाही रे. झाडांवर. नदीकाठच्या उंच झाडांवर बसायची. मेलेलं जनावर टाकलं की दुपारपर्यंत हाडं उरायची." मुलांना हे खोटं वाटलं. त्यांनी आयुष्यात गिधाड पाहिलेलं नाही, कार्टूनखेरीज. तेव्हा तिथेच उभं राहून सांगावं लागलं. डायक्लोफिनॅक नावाचं दुखण्यावरचं औषध गुराढोरांना दिलं जायचं. असं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. हे २००४ मध्ये सिद्ध झालं आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. पण तोपर्यंत आपल्याकडच्या गिधाडांच्या मुख्य जातींतली शंभरातली पंच्याण्णवांहून जास्त संपली होती. बाबा हे सगळं ऐकत होते. "कोणी मारली नाहीत म्हणजे," ते म्हणाले. नाही, मुद्दाम कोणी नाही मारली.

बाबांना आज सकाळी नाश्ता काय केला ते आठवत नव्हतं. गिधाडं कुठल्या झाडावर बसत ते आठवत होतं.

तिथून पुढे ते आमचा हात सोडून चालू लागले. कोणाला न विचारता, बरोबर वळणं घेत, थेट देवमाशापाशी.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: हा निळ्या देवमाशाचा सांगाडा. सत्तर फुटांहून लांब. नजरेत एकदम मावत नाही, मान वळवत बघावा लागतो. देश स्वतंत्र व्हायच्या थोडं आधी महीच्या मुखाशी येऊन पडलेला. महीला तिकडची माणसं महीसागर म्हणतात ते उगाच नाही. खंभातचं आखात नरसाळ्यासारखं निमुळतं होत जातं, त्यामुळे भरतीचं पाणी आत कोंडतं आणि वर चढतं. तिथे भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या वर जातो, म्हणजे तीन मजली घराएवढा. भरतीला समुद्र वाटणारी जागा काही तासांत चिखल होते. अशा पाण्यात शिरलेला देवमासा ओहोटीला कोरडा पडला की संपलं. पाण्यात त्याचं वजन पाणी पेलतं. जमिनीवर त्याच्याच अंगाचं ओझं त्याच्या फुप्फुसांवर येतं आणि जाड चरबीमुळे आतली उष्णता बाहेर पडत नाही. तो बुडून मरत नाही, नेमकं उलटं होतं.

थोरल्याने विचारलं, "देवमासा म्हणजे देव की मासा?" आम्ही म्हटलं, दोन्ही नाही. आपल्या मराठी शब्दाने परीक्षेत किती मुलांचे गुण घालवले असतील! हा सस्तन प्राणी. हवेतच श्वास घेतो आणि पिल्लांना दूध पाजतो. बडोद्यात सगळे या सांगाड्याला "पिल्लू" म्हणतात. निळ्या देवमाशाचं पिल्लू जन्मतःच सुमारे तेवीस फुटांचं असतं आणि दिवसाला दोनशे लिटरच्या आसपास दूध पितं. सात-आठ महिन्यांत आईचं दूध सुटतं तेव्हा ते पन्नास फुटांच्या वर गेलेलं असतं. म्हणजे आपला हा दूधपिता नव्हता, आपापलं खाऊ लागला होता. एवढं ऐकून धाकटी म्हणाली, "पण त्याची आई होती ना कुठेतरी." हो, असेल.

बाबा तोवर बरगड्या मोजत होते. बोटाने हवेत टिचक्या मारत, ओठ हलवत. मग आम्हाला म्हणाले, "आमच्या वेळी शाळेची पैज असायची. जो बरोबर मोजेल त्याला चिंचा." त्यांचं लहानपण म्हणजे बडोदं मुंबई राज्यात होतं तेव्हाचं. दोन्ही मुलं लगेच मोजायला लागली. थोरल्याचे एका बाजूला पंधरा, धाकटीचे सोळा. पुन्हा मोजले तर धाकटीचे पंधरा आणि थोरल्याचे सोळा. पुस्तकं म्हणतात निळ्या देवमाशाला बरगड्यांच्या पंधरा ते सोळा जोड्या असतात, तेव्हा तिथेही निकाल लागत नाही. बाबांनी कोणालाच चिंचा दिल्या नाहीत.

मग त्यांनी पुढच्या वल्ह्यासारख्या अवयवाकडे बोट केलं. "हात बघा त्याचा." आणि खरंच, दंडाचं हाड, पुढे कोपराखालची दोन हाडं, मनगट, आणि बोटं. बाबांनी आपला हात हवेत तसाच आडवा धरला. नीट पाहिलं की अंगावर काटा येतो, कारण तो आपलाच हात आहे, आखूड आणि रुंद केलेला. धाकटीने बोटं मोजली. चारच भरली. पाचवं हरवलं म्हणून पहारेकऱ्याला सांगायला निघाली होती, तिला धरून ठेवलं. निळ्या देवमाशाला बोटं चारच असतात हे आम्हाला घरी आल्यावर वाचून कळलं. अंगठा त्याच्या वंशात कधीच गळून गेला.

म्हणजे वंश जमिनीवरचा. इथे थोरला खऱ्या अर्थाने जागा झाला, आणि पुढचे चार दिवस त्याने आम्हाला वाचायला लावलं. वाचलं ते सांगण्यासारखं आहे. देवमाशांचे पूर्वज पायांवर चालत होते, आणि त्यांचे फार जुने अवशेष आपल्याच भागात सापडतात. कच्छमध्ये सुमारे साडेचार कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत छोट्या, पाय असलेल्या देवमाशांची हाडं मिळाली. त्यातल्या एकाचं शास्त्रीय नावच "कच्छिसीटस" आहे, म्हणजे कच्छचा देवमासा. बडोद्याच्या सांगाड्याचे पणजोबा आपल्या शेजारच्या कच्छातले!

त्याहून जुनी एक गोष्ट जम्मूकडची. रंगा राव नावाचे भूवैज्ञानिक होते. त्यांनी कालाकोटजवळच्या खडकांतून जीवाश्मांचे दगड गोळा करून ठेवले. ते गेले. दगड त्यांच्या घरीच राहिले. त्यांच्या पत्नीने ते टाकून दिले नाहीत, आणि पुढे थेविसेन या शास्त्रज्ञाच्या हवाली केले. त्यातली एक कवटी साफ करताना मदतनिसाच्या हातून कानाचं हाड मोडलं. आत पाहिलं तर हाडाची भिंत एका बाजूला चांगली जाड, जशी फक्त देवमाशांच्या कानात असते. प्राणी मात्र मांजराएवढा, खुरं असलेला, हरणाच्या जातीसारखा दिसणारा, ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा. नाव "इंडोह्यस". हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. आता आपल्या घरांत माणूस गेल्यावर त्याचे कागद, वह्या, दगडगोटे यांचं काय होतं ते आपण सगळे जाणतो. दिवाळीची साफसफाई येते आणि रद्दीवाला येतो. त्या बाईंनी दगड ठेवले. हे आम्ही घरात सांगितलं तेव्हा आई काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी माळ्यावरची बाबांच्या वह्यांची पेटी खाली आली.

पुन्हा म्युझियममध्ये येतो. निघताना धाकटीने बाबांना विचारलं, "आजोबा, त्याला लोकांनी परत समुद्रात का नाही ढकललं?" बाबा म्हणाले, "एवढा मोठा. कोण ढकलणार?" आणि ती रडायला लागली. म्युझियमच्या मधोमध, मोठ्याने. पहारेकरी बघायला आला. आम्हाला काय सांगावं सुचेना. मग व्हेल शार्कची गोष्ट आठवली. व्हेल शार्क हा मात्र खराखुरा मासा, जगातला सर्वांत मोठा, सौराष्ट्राच्या किनाऱ्याला येतो. पूर्वी वेरावळकडे त्याची शिकार व्हायची. २००१ मध्ये कायद्याने संरक्षण मिळालं, तरी नुसत्या कायद्याने कोळ्यांचं मन वळत नव्हतं. २००४ पासून मोहीम सुरू झाली, मोरारीबापूंनी ती हाती घेतली. ते कोळ्यांना म्हणाले, ही माहेरी बाळंतपणाला आलेली लेक आहे, लेकीला कोणी मारतं का? तिचं नाव ठेवलं "व्हाली", म्हणजे लाडकी. तेव्हापासून जाळ्यात व्हेल शार्क अडकला की कोळी स्वतःची महागडी जाळी कापून त्याला सोडतात, आणि जाळ्याची भरपाई त्यांना मिळते. असे शेकडो सोडले गेलेत. "म्हणजे आपल्या गौरीसारखं," धाकटी नाक पुसत म्हणाली. हो, तसंच. तीन दिवस जेवू घालायचं आणि सुखरूप पाठवायचं.

बाहेर आल्यावर शेव-उसळ खाल्ली. बाबांनी दोन प्लेट घेतल्या आणि घरी येईपर्यंत विसरले की आपण कुठे गेलो होतो. संध्याकाळी शेजाऱ्यांनी विचारलं तर म्हणाले, "बाजारात गेलो होतो." मुलांची तोंडं उतरली. आमचीही.

मात्र रात्री अंथरूण घालताना थोरल्याने सहज विचारलं, "आजोबा, देवमाशाच्या बरगड्या किती?"

"मोजून ये," बाबा म्हणाले. "चिंचा माझ्याकडे आहेत."

तेव्हापासून महिन्यातून एक रविवार आमचं हे चाललंय. पावसाळ्यात बाबांचा गुडघा धरला, आता त्यांना फार चालवत नाही. मुलं जाऊन येतात, मोजून येतात, आणि बाबांना आकडा सांगतात. कधी पंधरा, कधी सोळा. बाबा दोन्हीला "चूक" म्हणतात. पेटीतल्या वह्यांत त्यांचा शाळेतला आकडा लिहिलेला असेल म्हणून मुलांनी आठ वह्या पाहून झाल्या, तीन राहिल्यात.

अध्यक्षांनी परवानगी दिली आहे म्हणून सांगतो. अनंत चतुर्दशीनंतरच्या दुसऱ्या रविवारी सकाळी साडेदहाला कमाटीबागेत म्युझियमच्या पायऱ्यांपाशी जमायचं. मुलांना आणा, आजी-आजोबांना नक्की आणा, पक्ष्यांची नावं त्यांनाच येतात. बाकावर बसायचं नाही. एक वही आणि पेन्सिल बरोबर असू द्या. चिंचा आम्ही आणतो.

गणपती बाप्पा मोरया!